चार महिन्यांत तीन ईमेल प्रोव्हायडर बदलले तरी मेल स्पॅममधेच, नेमकं काय चुकत होतं

दसऱ्याला क्लायंटच्या वतीने त्यांच्या गिऱ्हाइकांना मेल पाठवायची एजन्सी सुरू केली, पुण्यात, आम्ही तिघं, एक भाड्याची खोली आणि सात क्लायंट. संक्रांतीपर्यंत तीन ईमेल प्रोव्हायडर, म्हणजे लिस्टला एकदम शेकड्याने मेल पाठवायच्या सेवा, बदलून झाले होते. दर वेळी तेच व्हायचं, नवीन अकाउंट उघडलं की पहिला आठवडा झकास, दुसऱ्या आठवड्यात आकडे जरा खाली, आणि तिसऱ्या आठवड्यात क्लायंटचा फोन, "अहो, माझा मेल मला स्वतःलाच स्पॅममधे सापडला". मग आम्ही दोन-चार तुलना वाचायचो, "याची डिलिव्हरी भारी आहे" असं कुणीतरी लिहिलेलं असायचं, आणि उडी मारायचो पुढच्याकडे.

तिसऱ्या प्रोव्हायडरने तर संक्रांतीच्या आदल्या दिवशी अकाउंटच बंद केलं. कोण ते सांगत नाही, आणि खरं सांगायचं तर चूक त्यांची नव्हतीच. पण सात क्लायंट एकाच अकाउंटमधे होते, त्यामुळे एका आंबेवाल्याच्या लिस्टमुळे साडीवाल्याची संक्रांत ऑफर अडकली आणि, हे जास्त वाईट, एका क्लासच्या फीच्या पावत्या पण अडकल्या, कारण त्याही आम्ही तिथूनच पाठवत होतो. पालकांचे फोन क्लासला, क्लासचे फोन आम्हाला. त्या रात्री बसून पहिल्यांदा नीट तपासलं की आपण नक्की करतोय काय. ज्यांची नवी एजन्सी आहे आणि "कुठला प्रोव्हायडर घेऊ" विचारतायत त्यांच्यासाठी ते सगळं इथे टाकतोय. प्रोव्हायडर कसा निवडायचा ते पण येईल, पण आधी बिघाड, कारण बिघाड तसाच ठेवून निवडलात तर चौथा, पाचवा, सहावा, बदलतच बसाल.

पहिलं म्हणजे, मेल खरंच स्पॅममधे जातोय का ते बघा. जीमेलमधला प्रमोशन्स टॅब म्हणजे स्पॅम नाही, ऑफरचा मेल तिथे गेला तर तो त्याच्या घरी गेला, त्यावरून रडू नका. आणि ओपन रेटवरून, म्हणजे किती जणांनी मेल उघडला त्या आकड्यावरून, काहीही ठरवू नका. २०२१ मधे आयओएस १५ बरोबर ॲपलने त्यांच्या मेल ॲपमधे प्रायव्हसीची सोय आणली, तेव्हापासून माणसाने मेल उघडला नाही तरी त्यातली चित्रं आधीच ओढली जातात आणि तुमच्याकडे "ओपन" दिसतं. आमचे पहिल्या आठवड्याचे झकास आकडे होते ना, त्यातले बरेचसे हेच असणार, कारण बिल्डर क्लायंटची निम्मी लिस्ट आयफोनवाली.

ऑफिसातल्या तिघांच्या जीमेलवर टेस्ट मेल पाठवून "आला की इनबॉक्समधे" म्हणणं पण बंद करा. आपण रोज ते मेल उघडतो, जीमेलला वाटतं यांना हे आवडतं. त्यापेक्षा आलेला मेल कॉम्प्युटरवर उघडा, उजवीकडच्या तीन टिंबांमधे मूळ मेल दाखवायचा पर्याय आहे तो दाबा. वर छोटा तक्ता येतो, त्यात एसपीएफ (डोमेनच्या नावाने कोण मेल पाठवू शकतं त्याची यादी), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (ते काय बघतं ते खाली येतंय) अशा तीन ओळी. तिन्हीपुढे पास लिहिलेलं पाहिजे, पण नुसतं पास बघून सोडू नका, आम्ही तेच केलं होतं. डीकेआयएमच्या ओळीत कुठल्या डोमेनच्या नावाने पास झालंय ते वाचा. तिथे प्रोव्हायडरचं नाव असेल आणि क्लायंटचं नसेल, तर सही प्रोव्हायडरची झाली, क्लायंटची नाही. म्हणजे पत्र क्लायंटच्या लेटरहेडवर आणि खाली सही कुरियरवाल्याची. डीमार्क नेमकं हेच बघतं, की "फ्रॉम"मधलं डोमेन आणि सहीचं किंवा एसपीएफचं डोमेन एकमेकांशी जुळतंय का.

आमच्या सातपैकी चार क्लायंटचं हे जुळत नव्हतं. आणि आम्ही तर सगळ्यांचे रेकॉर्ड, म्हणजे डोमेनच्या डीएनएसमधल्या या नोंदी, टाकले होते! निदान आम्हाला तसं वाटत होतं.

इथे जरा वेळ घालवतो, कारण नव्या एजन्सीचा सगळ्यात जास्त वेळ यातच जातो. क्लायंटचं डोमेन कुणीतरी दहा वर्षांपूर्वी घेतलेलं असतं, बहुतेक त्यांच्या भाच्याने, पासवर्ड त्याच्याकडे आणि तो आता बंगलोरला. पासवर्ड मिळाला की आपण डोमेन जिथून घेतलंय तिथे लॉगिन करून रेकॉर्ड टाकतो, सेव्ह होतं, हिरवी टिक येते, आणि प्रोव्हायडर म्हणतो सापडलं नाही. आपण म्हणतो थांबू, ४८ तास लागतात म्हणे. दोन दिवस थांबलो, तरी नाही. कारण डोमेनचे नेमसर्व्हर, म्हणजे ज्यांच्याकडून जग या नोंदी वाचतं ते, दुसरीकडेच दाखवलेले असतात, होस्टिंगवाल्याकडे नाहीतर क्लाउडफ्लेअरकडे, आणि तुम्ही टाकलेला रेकॉर्ड जगात कुणी वाचतच नाही. बंद घराच्या दारावर नोटीस चिकटवल्यासारखं. म्हणून रेकॉर्ड टाकायच्या आधी नेमसर्व्हर बघा, नेट वरच्या कुठल्याही फुकट डीएनएस तपासणीत दहा सेकंदांत दिसतात.

दुसरी चूक आमच्याकडून तीन वेळा झाली, तीन! प्रोव्हायडर रेकॉर्डचं नाव पूर्ण देतो, म्हणजे के१ डॉट अंडरस्कोर डोमेनकी डॉट क्लायंट डॉट इन असं. आपण ते जसंच्या तसं कॉपी-पेस्ट करतो. पण बऱ्याच पॅनेलमधे मागचं डोमेन आपोआप जोडलं जातं, त्यामुळे शेवटी नाव होतं ...क्लायंट डॉट इन डॉट क्लायंट डॉट इन. पॅनेलमधे ते नीट दिसतं पण, कारण तिथे अर्धंच दाखवतात. नाव टाकताना डोमेनच्या आधीचा तुकडाच टाका आणि सेव्ह केल्यावर बाहेरून तपासा.

क्लाउडफ्लेअर असेल तर तिथला नारिंगी ढग, म्हणजे त्यांची प्रॉक्सी. डीकेआयएमच्या सीनेम रेकॉर्डवर (जो प्रोव्हायडरच्या नावाकडे बोट दाखवतो) तो ढग चालू राहिला तर प्रोव्हायडरला खरं उत्तर मिळतच नाही, तो करडा करायचा. आणि जे प्रोव्हायडर सीनेम न देता २०४८ बिटची लांबलचक की टेक्स्ट रेकॉर्ड म्हणून देतात त्यांच्याबाबतीत, एका तुकड्यात २५५ पेक्षा जास्त अक्षरं बसत नाहीत, काही जुनी पॅनेलं ती मधेच कापून टाकतात आणि सांगत पण नाहीत. शेवटचं अक्षर जुळतंय का बघा, बास.

मग एसपीएफ. एका डोमेनला एसपीएफचा रेकॉर्ड एकच असतो. एकच. आमच्या बिल्डर क्लायंटकडे तीन होते, एक होस्टिंगवाल्याने आपोआप टाकलेला, एक गूगल वर्कस्पेस घेताना कुणीतरी टाकलेला, आणि तिसरा आम्ही मोठ्या हौसेने टाकलेला. दोन असले तरी तपासणारा सर्व्हर थेट एरर धरतो, म्हणजे आमच्या येण्याने त्यांचे रोजचे ऑफिसचे मेल पण धोक्यात आले, जे आधी बरे जात होते. सगळं एकाच ओळीत एकत्र करायचं. आणि त्या ओळीत कितीही जणांना घुसवता येत नाही, एकूण डीएनएस लुकअप, म्हणजे तपासणाऱ्याला कराव्या लागणाऱ्या चौकशा, १० च्या वर गेले की परत एरर, आणि इन्क्लूडच्या (दुसऱ्याची यादी जोडून घ्यायचा शब्द) पोटातले इन्क्लूड पण मोजले जातात. जुने सोडलेले प्रोव्हायडर काढून टाका तिथून. आम्ही आमचा पहिला आणि दुसरा दोघांनाही तसेच ठेवले होते, सोडचिठ्ठी दिलेल्यांना घराच्या किल्ल्या. गंमत म्हणजे बरेच मोठे प्रोव्हायडर रिटर्न पाथ (न पोचलेला मेल परत यायचा पत्ता, एसपीएफ त्याचंच डोमेन तपासतं) स्वतःचा किंवा तुमच्या सबडोमेनवरचा वापरतात, त्यामुळे मुख्य डोमेनच्या एसपीएफमधे त्यांना घालायची गरजच नसते. त्यांच्या मदतीच्या पानावर काय लिहिलंय ते वाचा, सवयीने टाकू नका.

साडीवाल्या ताईंचा प्रश्न वेगळाच होता, त्यांचं डोमेनच नाही, पत्ता जीमेलचा. असा पत्ता "फ्रॉम"मधे टाकून बाहेरच्या प्रोव्हायडरमधून शेकड्याने मेल पाठवले की डीमार्क कधीच जुळणार नाही, जीमेल डॉट कॉमवर सही करायचा अधिकार गूगलचा, तुमचा नाही. याहूने २०१४ मधेच स्वतःच्या पत्त्यांसाठी हे कडक केलं आणि गूगलने २०२४ च्या नियमांमधे जीमेलच्या नावाने बाहेरून पाठवणाऱ्यांवर फास आवळला. ताईंना म्हटलं, वर्षाचं डोमेन एका साध्या साडीच्या पदरापेक्षा स्वस्त येतं. घेतलं त्यांनी.

तर हे सगळं दुरुस्त केलं आणि आता सुटलो असं वाटलं. नाही सुटलो. तीन क्लायंट सुधारले, बाकीचे पुन्हा तिसऱ्या आठवड्यात घसरले. म्हणजे रोग अजून आत होता.

तो सापडला आमच्यातल्या मुलीला, जी एक्सेल सांभाळते. ती म्हणाली, "दादा, आपण प्रत्येक नव्या अकाउंटमधे कुठली फाइल चढवतो?" मी म्हटलं, क्लायंटने पहिल्या दिवशी दिलेली. आणि बोलता बोलताच डोक्यात प्रकाश पडला. पहिल्या प्रोव्हायडरकडे ज्यांनी अनसबस्क्राइब केलं, जे पत्ते बाउन्स झाले, म्हणजे मेल न पोचता परत आला, ज्यांनी स्पॅम दाबलं, त्या सगळ्यांची यादी त्या अकाउंटमधेच राहिली. आम्ही मूळ एक्सेल उचलून दुसरीकडे चढवली, म्हणजे ज्यांनी नको सांगितलं त्यांना परत मेल, मेलेल्या पत्त्यांवर परत मेल. तिसरीकडे परत तेच. ज्याने दोनदा सभ्यपणे अनसबस्क्राइब केलंय तो तिसऱ्यांदा कशाला शोधत बसेल ती लिंक, तो सरळ स्पॅम दाबतो, आणि बरोबरच करतो. प्रोव्हायडर बदलणं हा आम्हाला इलाज वाटत होता आणि आजार तोच वाढवत होता. वरून डोमेनची पत प्रोव्हायडरकडे नसते, ती जीमेल आणि याहूकडे असते आणि डोमेनबरोबर फिरते. पाठवणाऱ्या सर्व्हरचा पत्ता, म्हणजे आयपी, नवा मिळाला म्हणून चार दिवस बरं वाटतं, गाव बदललं तरी सातबारा तोच.

म्हणून कुठलंही अकाउंट सोडायच्या आधी, पैसे भरायचे बंद करायच्या आधी, तिथून चार याद्या वेगळ्या उतरवून घ्या, चालू असलेले, अनसबस्क्राइब, बाउन्स आणि तक्रार केलेले. मागच्या तिन्ही याद्या नव्या ठिकाणी सप्रेशन म्हणून, म्हणजे यांना पाठवायचंच नाही म्हणून, आधी चढवा, मग चालू असलेले. याच क्रमाने. आमच्या पहिल्या अकाउंटची मुदत संपून गेली होती, ती यादी गेली ती गेलीच.

आता आंबेवाले काका. रत्नागिरीकडचे, माणूस देव, पण त्यांची लिस्ट म्हणजे बारा वर्षांच्या पावती पुस्तकांवरून टाइप केलेले पत्ते. वर्षातून एकदा, मार्चच्या आसपास, "पेट्या तयार आहेत" एवढा मेल. मधले दहा महिने सामसूम. त्यात रेडिफमेलचे पत्ते किती असावेत! कुणी नोकरी बदलली, कुणी ते खातं दहा वर्षांत उघडलेलं नाही, एक पत्ता तर जीमेल डॉट कॉन असा टाइप केलेला. आम्ही ती पूर्ण लिस्ट जानेवारीत एका दमात उडवली, "सीझन येतोय, आगाऊ बुकिंग करा" म्हणून. बाउन्स दहा टक्क्यांच्या वर गेला आणि अकाउंट बंद. अंदाज यावा म्हणून सांगतो, ॲमेझॉनच्या मेल पाठवायच्या सेवेने, एसईएसने, त्यांचे आकडे उघड लिहून ठेवलेत, बाउन्स ५ टक्क्यांवर गेला की अकाउंटवर नजर आणि १० टक्क्यांवर गेला की पाठवणं थांबवू शकतात, तक्रारींचं ०.१ आणि ०.५ टक्के. बाकीच्यांचे आकडे थोडेफार इकडे तिकडे, पण सोडत कुणी नाही, कारण शेअर्ड, म्हणजे अनेकांनी मिळून वापरलेल्या, आयपीवर तुमच्या शेजारी बसलेल्या शेकडो लोकांना तुमच्यामुळे त्रास होतो.

आणि विकतचा "डेटा". पुण्यातला आयटी डेटा, डॉक्टरांचा डेटा, फ्लॅट बुकिंगवाल्यांचा डेटा, व्हॉट्सॲपवर रोज कुणीतरी विकायला येतं. बिल्डर क्लायंटने घेतला होता आणि आम्हाला न सांगता जुन्या लिस्टमधे मिसळून दिला. बहुतेक सगळ्या नावाजलेल्या प्रोव्हायडरच्या अटींमधे विकतची लिस्ट चालत नाही असं स्पष्ट लिहिलेलं असतं. क्लायंट म्हणाले, "पण आपलं डीएलटी रजिस्ट्रेशन झालंय की". डीएलटी जाहिरातीच्या एसएमएस आणि कॉलसाठी असतं साहेब, दूरसंचारवाल्या ट्रायच्या त्या नियमांचा मेलशी संबंध नाही. वैयक्तिक माहितीला २०२३ चा डीपीडीपी कायदा आहे आणि तो परवानगी विचारतो, त्यामुळे "हे पत्ते आले कुठून" याचं उत्तर क्लायंटकडून लेखी घ्या. आम्ही आता करारातच टाकलंय.

२०२४ च्या फेब्रुवारीपासूनचे जीमेल आणि याहूचे नियम तर नव्या एजन्सीला पाठच पाहिजेत. जीमेलच्या वैयक्तिक खात्यांवर दिवसाला ५००० च्या आसपास किंवा जास्त मेल पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्ही लागतात, जाहिरातीच्या मेलला एका क्लिकवर अनसबस्क्राइब लागतं आणि ती विनंती दोन दिवसांत पाळायची. मोजणी मूळ डोमेनवर होते, सबडोमेन धरून, आणि एकदा ५००० चा टप्पा गाठलात की तुम्ही कायमचे मोठे सेंडर, दिवाळीत एकदाच पाठवले हे कारण चालत नाही. आउटलुक, हॉटमेलवाल्यांनी पण ५ मे २०२५ पासून तसंच सुरू केलं, आमच्या बिल्डरच्या अमेरिकेतल्या मराठी गिऱ्हाइकांचे जुने हॉटमेल पत्ते तेव्हाच बाउन्स व्हायला लागले होते म्हणे, कुणाला कारण कळलं नव्हतं. डीमार्कचं धोरण सुरुवातीला "नन", म्हणजे न जुळणारा मेल अडवू नका, असं ठेवलं तरी चालतं, रिपोर्ट यायला एक पत्ता द्या, महिनाभर बघा कुठकुठून तुमच्या नावाने मेल जातायत, मग कडक करा.

स्पॅम तक्रारींचं प्रमाण ०.१ टक्क्याखाली ठेवा आणि ०.३ ला कधी पोचू देऊ नका, असं गूगल म्हणतं. ०.३ टक्के म्हणजे हजारात तीन माणसं! चार हजारांच्या लिस्टमधे बारा जणांनी बटण दाबलं की झालं. हे गूगलच्या पोस्टमास्टर टूल्समधे दिसतं, फुकट आहे, प्रत्येक क्लायंटचं डोमेन तिथे जोडा. पण एक खोच आहे, हा आकडा इनबॉक्समधे पोचलेल्या मेलवर काढतात. तुमचे मेल आधीच थेट स्पॅममधे पडत असतील तर तक्रार करणार कोण, आकडा छान शून्य दिसतो. आम्ही ते शून्य बघून एक आठवडा खूश होतो.

मेलच्या आतल्या गोष्टी पटकन सांगतो. डिझायनर अख्खं पोस्टर एका चित्रात देतो, "संक्रांतीच्या हार्दिक शुभेच्छा" आणि खाली ऑफर, मजकूर शून्य. तसं करू नका, मजकूर मजकूर म्हणूनच टाका. लिंक छोटी करायची सेवा वापरू नका, ट्रॅकिंगची लिंक क्लायंटच्या सबडोमेनवर घ्या. आणि मराठीत पाठवणाऱ्यांसाठी खास, जीमेल १०२ केबीच्या वरचा मेल मधेच कापतं. देवनागरीचं एकेक अक्षर यूटीएफ-८ मधे ३ बाइट खातं, त्यात एडिटरने टाकलेला कोडचा कचरा, त्यामुळे मराठी न्यूजलेटर ती मर्यादा लवकर गाठतं. कापला गेला की तळाची अनसबस्क्राइब लिंक गायब, आणि लिंक दिसली नाही की माणूस काय दाबतो ते वर आलंच.

आता निवडायचं. एवढं झाल्यावर माझ्यासाठी "कोणाची डिलिव्हरी भारी" हा प्रश्न जवळजवळ संपला. नावाजलेल्या कुणाकडेही, डोमेन आणि लिस्ट नीट असेल तर मेल पोचतो. एजन्सीने बघायचं ते वेगळं.

सगळ्यात आधी, प्रत्येक क्लायंटला वेगळं खातं किंवा सबअकाउंट मिळतं का, आणि एकाचं बंद झालं तर दुसरे चालू राहतात का. हे विक्रीवाल्याला तोंडी नाही, मेलवर विचारा. काही ठिकाणी सबअकाउंट फक्त महागड्या प्लॅनवर असतं. तसं असेल तर सरळ क्लायंटच्या नावाने, क्लायंटच्या कार्डावर खातं उघडा आणि तुम्ही फक्त मॅनेजर म्हणून आत जा. आधी आम्हाला वाटायचं खातं आपल्या नावावर असलं की क्लायंट पळून जात नाही. पळून जायचा तो जातोच, आणि त्याच्या लिस्टची जबाबदारी आपल्या गळ्यात राहते.

मग पैसे कशावर मोजतात ते. काकांचे पत्ते बरेच आणि मेल वर्षातून एखाददुसरा, तिथे कॉन्टॅक्टवर पैसे घेणारा प्रोव्हायडर म्हणजे रिकाम्या गोदामाचं भाडं. मेलचिंप कॉन्टॅक्ट मोजतं, आणि अनसबस्क्राइब झालेले पण मोजतं, त्यांना अर्काइव्ह करावं लागतं, आम्ही दोन महिने उगाच भरले. ब्रेव्हो, म्हणजे २०२३ पर्यंतचं सेंडिनब्लू, पाठवलेल्या मेलवर पैसे घेतं, काकांना ते बरोबर बसतं. उलट साडीवाल्या ताई आठवड्याला दोन मेल पाठवतात आणि लिस्ट छोटी, त्यांना कॉन्टॅक्टवालं परवडतं. सगळ्या क्लायंटना एकच प्रोव्हायडर हा हट्ट तिथेच सोडला.

ॲमेझॉन एसईएस सगळ्यात स्वस्त, हजार मेलला १० सेंट, मुंबई रीजन पण आहे. ते बघून आम्ही पण भुललो होतो. पण ते नुसतं इंजिन आहे, गाडी तुम्ही बांधायची, लिस्ट, टेम्प्लेट, बाउन्स सांभाळणं सगळं वेगळं लागतं. सुरुवातीला सँडबॉक्समधे, म्हणजे चाचणीच्या कुंपणात, ठेवतात, दिवसाला २०० मेल आणि तेही आधी पडताळलेल्या पत्त्यांवरच, बाहेर पडायला अर्ज करून सांगावं लागतं काय पाठवणार, कुणाला पाठवणार. टीममधे एक तरी डेव्हलपर असेल तरच त्या वाटेला जा.

पावत्या, ओटीपी, पासवर्ड बदलायचे मेल, हे जाहिरातीच्या खात्यातून कधीच नाही. वेगळी सेवा, वेगळं सबडोमेन. क्लासच्या पावत्या आम्ही झोहोच्या झेप्टोमेलवर नेल्या, तिथे जाहिराती चालतच नाहीत, फक्त असले व्यवहाराचे मेल, त्यामुळे शेजार पण चांगला.

बिलाचं कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. डॉलरमधे बिल असेल तर ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे, म्हणजे ऑटोपेच्या परवानगीचे, नियम आहेत, परदेशी कंपनीने तुमच्या बँकेशी ते जमवलेलं नसेल तर दर महिन्याचं ऑटोपे नाकारलं जातं. आमचं एकदा असंच नाकारलं गेलं आणि शेड्यूल केलेला कॅम्पेन तसाच पडून राहिला, रविवार होता. आणि जीएसटी नोंदणी असेल तर परदेशी सेवेवर रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने, १८ टक्के जीएसटी आपण भरायचा असतो, तो तुमच्या सीएला आधी विचारा, मार्चअखेर नको. झोहो कॅम्पेन्ससारखं भारतातलं काही घेतलं की रुपयात बिल, जीएसटीची पावती, विषय संपतो. छोट्या एजन्सीला हा मुद्दा टेम्प्लेटच्या सुंदरतेपेक्षा मोठा आहे असं माझं मत आहे, टेम्प्लेट काय सगळ्यांचे सारखेच दिसतात.

डेडिकेटेड आयपी विकायला येतील. घेऊ नका. महिन्याला काही हजार मेल पाठवणाऱ्याचा स्वतंत्र आयपी कधी गरमच होत नाही, जीमेलला तो अनोळखीच राहतो. रोज मोठ्या संख्येने आणि सातत्याने पाठवणार असाल तेव्हा बघा.

आणि नवीन खात्यावर पहिल्याच दिवशी सगळी लिस्ट नाही. गेल्या दोन-तीन महिन्यांत ज्यांनी लिंकवर क्लिक केलंय किंवा खरेदी केलीय त्यांच्यापासून सुरुवात, मग हळूहळू जुने, दर दोन दिवसांनी पोस्टमास्टर टूल्स आणि बाउन्स बघत. क्लायंटला हे आधीच सांगून ठेवा नाहीतर तो म्हणतो पैसे पूर्ण लिस्टचे आणि मेल तीनशेच का.

काकांचं तेच चाललंय सध्या. आमच्या एक्सेलवाल्या मुलीने बसून पावती पुस्तकांमधून फक्त गेल्या दोन सीझनला पेटी घेतलेले वेगळे काढले, रेडिफमेलवाल्यांपैकी ज्यांचा फोन नंबर होता त्यांना फोन करून नवा पत्ता विचारला, उरलेले सोडून दिले. लिस्ट एक तृतीयांशावर आली. काकांचा परवा फोन, "काय रे, तीनशेच लोकांना पाठवलंस आणि अठ्ठेचाळीस पेट्यांचं बुकिंग आलं, आता उरलेल्यांना आजच्या आज टाक". मी म्हटलं काका, उद्या अजून तीनशे. तर म्हणाले, "म्हणजे तुझा मेल पण आढीत घालून पिकवायचा म्हण की".